जुना एमपी-थ्री प्लेअर: ओळख, वापर आणि आतली रचना

मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत कपाटाच्या खणात, शिवणाच्या डब्यात किंवा माळ्यावरच्या पेटीत एखादा जुना एमपी-थ्री प्लेअर पडून असतो. शिक्षणासाठी लातूरला, नांदेडला किंवा त्या वेळच्या औरंगाबादला राहिलेल्या कोणीतरी तो हौसेने घेतलेला असतो आणि पुढे मोबाइलमध्येच गाणी वाजू लागल्यावर तो मागे पडलेला असतो. आता तो घरातल्या धाकट्यांच्या हाती लागतो, तेव्हा त्याचे काय करायचे हे सांगणारे जवळ कोणी नसते. ज्यांनी असे यंत्र पूर्वी कधी वापरलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. प्लेअर आवाज कसा साठवतो आणि कसा वाजवतो हे ठाऊक नसल्यामुळेच त्याच्याबाबतच्या बहुतेक अडचणी उभ्या राहतात. म्हणून पुढे प्रत्येक कृतीबरोबर तिच्यामागचे कारणही दिले आहे.

कोणत्या प्रकारचा प्लेअर आहे ते आधी ओळखावे

खिशात मावणारे आणि फाइलमधून गाणे वाजवणारे प्लेअर बाजारात आले ते १९९८ मध्ये. दक्षिण कोरियातील सेहान कंपनीचा एमपीमॅन त्या वर्षाच्या पूर्वार्धात आला आणि काही महिन्यांतच अमेरिकेतील डायमंड मल्टिमीडिया कंपनीने रिओ पीएमपी३०० हा प्लेअर आणला. रिओमध्ये ३२ एमबी मेमरी होती, तो एका पेन्सिल सेलवर चालत असे आणि संगणकाला ज्या रुंद खोबणीतून प्रिंटर जोडला जाई त्याच खोबणीतून त्यात गाणी भरावी लागत. ३२ एमबीमध्ये मध्यम दर्जाचे जेमतेम ३५ मिनिटांचे संगीत मावते, म्हणजे एका कॅसेटची एक बाजू आणि वर थोडे. तरीही अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेला हे यंत्र इतके धोक्याचे वाटले, की तिने त्याच्या विक्रीविरुद्ध दावा लावला. जून १९९९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाचा निकाल प्लेअरच्या बाजूने लागला आणि पुढच्या सगळ्या प्लेअरांची वाट मोकळी झाली.

या पहिल्या पिढीपासून दोन शाखा निघाल्या. पहिल्या शाखेतले प्लेअर फ्लॅश मेमरीवर चालतात. त्यांच्या आत हलणारा एकही भाग नसतो. सिलिकॉनच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार अडकवून ठेवून माहिती जपली जाते आणि वीज गेली तरी ती पुसली जात नाही. आपल्याकडे सर्वाधिक खपले ते याच शाखेतले, पेनड्राइव्हच्या आकाराचे, टोपण काढून थेट संगणकाला लावायचे आणि रिमोटमध्ये बसतो तसा बारीक पेन्सिल सेल घालायचे प्लेअर. त्यांची क्षमता बहुधा १२८ एमबी ते १ जीबी असते.

दुसऱ्या शाखेतले प्लेअर हार्ड डिस्कवर चालतात. ॲपलने २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर केलेला पहिला आयपॉड याच शाखेतला. त्यात तोशिबाची १.८ इंच व्यासाची, ५ जीबी क्षमतेची डिस्क होती आणि त्याची किंमत ३९९ डॉलर होती. फिरत्या डिस्कला वीज फार लागते, शिवाय हादरा तिला सहन होत नाही. यावर काढलेली युक्ती आपल्या भागात कोणालाही चटकन समजेल अशी आहे: नळाला पाणी आले की रांजण भरून घ्यावा आणि मग दिवसभर त्यातूनच पाणी घ्यावे, तशी ही डिस्क थोडा वेळ फिरते, पुढची काही गाणी ३२ एमबीच्या तात्पुरत्या मेमरीत भरते आणि थांबते. त्यानंतरची सुमारे वीस मिनिटे गाणी त्या मेमरीतूनच वाजत राहतात. म्हणूनच अशा प्लेअरवर दर अर्ध्या मिनिटाला गाणे बदलत राहिले तर डिस्कला पुन्हा पुन्हा फिरावे लागते आणि बॅटरी लवकर उतरते.

ओळखण्याची सोपी खूण वजनात आणि आवाजात आहे. प्लेअर तळहातावर जड वाटत असेल आणि गाणे सुरू करताना कानाजवळ धरल्यास आतून अगदी हलकी घरघर ऐकू येत असेल, तर तो हार्ड डिस्कचा आहे असे समजावे. तो चालू असताना आपटू देऊ नये आणि खडखडत्या रस्त्यावर मोटारसायकलच्या डिकीत टाकू नये. फ्लॅशच्या प्लेअरला ही भीती नाही.

सेलचा कप्पा आणि बॅटरी

प्लेअर सापडताच त्यात नवा सेल घालण्याची घाई करू नये. आधी कप्प्याचे झाकण उघडून उजेडात नीट पाहावे. जुना सेल आतच राहिलेला असेल, तर तो बहुधा पाझरलेला असतो आणि स्प्रिंगवर पांढरट किंवा निळसर-हिरवट खपली धरलेली असते. अल्कलाइन सेलमधून पाझरणारा द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा असल्यामुळे तो त्वचेला आणि डोळ्यांना बाधतो. म्हणून हातमोजे नसतील तर निदान प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून सेल बाहेर काढावा. त्यानंतर कान कोरण्याच्या कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस अगदी जेमतेम ओला होईल एवढाच लावून खपलीवर टेकवावा. क्षार आणि आम्ल एकत्र येऊन किंचित फेस येतो आणि खपली सुटू लागते. थेंब आतल्या पट्टीपर्यंत ओघळता कामा नये, यासाठी कप्प्याचे तोंड खाली धरून काम करावे. शेवटी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तीच जागा पुसावी, स्प्रिंगचा धातू चकाकेपर्यंत हलक्या हाताने घासावे आणि एक रात्र उघडे ठेवून वाळू द्यावे. स्प्रिंग गंजून तुटली नसेल, तर एवढ्यावर बरेच प्लेअर पुन्हा चालू होतात.

सेल शक्यतो अल्कलाइनच घ्यावा. किराणा दुकानात मिळणारे स्वस्त साधे सेल भिंतीवरच्या घड्याळाला पुरतात, कारण घड्याळ वीज अगदी कणाकणाने घेते. प्लेअर मात्र १.५ व्होल्टच्या त्या एका सेलचा दाब आतल्या मंडलाने वाढवून आपली चिप चालवतो आणि त्या कामात सेलवर चांगलाच ताण येतो. पुन्हा भारित होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेलही चालतात. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असल्यामुळे पडद्यावरची खूण सेल अर्धा उतरल्याचे दाखवते, पण त्यामुळे बिचकण्याचे कारण नाही.

ज्या प्लेअरमध्ये लिथियमची बॅटरी कायमची बसवलेली आहे, त्याची तपासणी वेगळी आहे. प्लेअर सपाट फरशीवर ठेवून पाहावा. तो डुगडुगत असेल, मागचे आवरण फुगलेले असेल किंवा पडदा एका बाजूने उचललेला दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे आणि तो कोणत्याही परिस्थितीत चार्जिंगला लावू नये. बॅटरी जाणत्या कारागिराकडूनच बदलून घ्यावी. बॅटरी ठीक असली तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या काचेमागे ती चार्ज करू नये. अशा बॅटऱ्या साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज कराव्यात असा दंडक आहे आणि पत्र्याखालची उष्णता ती मर्यादा सहज ओलांडते.

संगणकाला जोडणे आणि आधी आतले काढून घेणे

प्लेअर संगणकाला जोडल्यावर तो पेनड्राइव्हसारखा दिसू लागला, तर निम्मे काम झाले. विंडोज ९८ च्या काळात यासाठी वेगळी सीडी लागत असे. आजच्या संगणकाला तिची गरज पडत नाही. प्लेअर दिसत नसेल तर दोष बहुधा केबलमध्ये असतो, कारण काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्याच तारा असतात. घरी संगणक नसेल तर ओटीजी जोडणी (मोबाइलला पेनड्राइव्ह लावण्याची छोटी जोडतार) लावून अँड्रॉइड मोबाइललाही असा प्लेअर जोडता येतो आणि खेड्यात हाच मार्ग अधिक सोयीचा पडतो. प्रिंटरच्या खोबणीतून जोडायचे अगदी पहिले प्लेअर मात्र आजच्या संगणकाशी जुळत नाहीत. ते जपून ठेवावेत, रोजच्या वापराची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये.

जोडणी झाली की नवे काही भरण्यापूर्वी आत जे असेल ते सगळे संगणकावर उतरवून घ्यावे. माझ्या मते ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. या प्लेअरांत बहुधा आवाज मुद्रित करण्याची सोय असे आणि ‘व्हॉइस’ किंवा ‘रेकॉर्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये घरातल्या कोणाचे तरी बोलणे, गाणे किंवा हसणे राहून गेलेले असण्याचा चांगलाच संभव असतो. फ्लॅश मेमरीत अडकवलेला विद्युतभार कायमचा नसतो, तो वर्षानुवर्षे अतिशय मंदपणे झिरपत जातो. चिप बनवणारे साधारणपणे दहा वर्षांचा हवाला देत असत, आणि २००६ साली घेतलेल्या प्लेअरची ती मुदत केव्हाच उलटली आहे. त्यानंतरही माहिती वाचता येते, हे बहुतेक वेळा खरे ठरते. पण त्या भरवशावर आणखी एक वर्ष दवडू नये.

उतरवून झाल्यावर प्लेअर वारंवार अडकत असेल किंवा रिकामा असूनही भरलेला दाखवत असेल, तर त्याच्या स्वतःच्या मेनूमधील फॉरमॅटचा पर्याय वापरावा. संगणकावरून फॉरमॅट करायचेच असेल तर फॅट किंवा फॅट-३२ हीच पद्धत निवडावी. एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने मांडलेली मेमरी या यंत्रांना वाचताच येत नाही आणि मग प्लेअर सुरू होताना पडद्यावरच अडकतो. मेमरी कार्डाची खोबण असेल तर हेही लक्षात असू द्यावे, की २ जीबीपेक्षा मोठ्या कार्डांची पद्धत २००६ मध्ये आली. त्याआधीच्या प्लेअरला ती कार्डे ओळखता येत नाहीत.

फाइलमध्ये नेमके काय असते

गाणे कसे भरावे हे नीट कळण्यासाठी इथे जरा थांबून फाइलच्या आत डोकावणे अवश्य आहे. हवेतला आवाज म्हणजे दाबाची सतत बदलणारी लहर. ऑडिओ सीडीवर ही लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत (बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढीच नोंद) लिहिले जाते, आणि डावा व उजवा असे दोन आवाज वेगळे ठेवले जातात. यामुळे एका मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. रिओच्या ३२ एमबीमध्ये या हिशेबाने एकच गाणे मावले असते. म्हणजे आवाज आक्रसून ठेवण्याची पद्धत सापडली नसती, तर हे यंत्रच जन्माला आले नसते.

ती पद्धत म्हणजे एमपी-थ्री. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइंझ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर बरीच वर्षे काम केले आणि फाइलच्या नावाच्या शेवटी एमपी-थ्री ही अक्षरे लावायची, हे तिथेच १४ जुलै १९९५ रोजी ठरले. तिचा पाया मानवी कानाच्या एका मर्यादेवर आहे. गोंधळात संबळावर जोराचा ठोका पडतो त्या क्षणी जवळपासच्या पट्टीतला एखादा हलका स्वर आपल्याला ऐकूच येत नाही, आणि ठोक्यानंतरही काही क्षण कान त्याच्या प्रभावाखाली असतो. तो हलका स्वर हवेत असतो, पण आपल्यापुरता नसतो. एमपी-थ्री बनवणारा प्रोग्राम आवाजाचे ५७६ बारीक पट्ट्यांत विभाजन करतो, कोणत्या पट्टीतले किती तपशील अशा रीतीने झाकले जाणार आहेत याचा अंदाज घेतो आणि झाकल्या जाणाऱ्या तपशिलांवर कमीत कमी बिट खर्च करतो. जे ऐकू येणार आहे त्याच्यासाठी बिट राखून ठेवले जातात.

तयार झालेली फाइल छोट्या छोट्या तुकड्यांची साखळी असते. सीडीच्या वेगाने मोजलेल्या आवाजाच्या एका तुकड्यात १,१५२ मोजमापांचा ऐवज असतो, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचा आवाज. सेकंदाला असे ३८ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला हा तुकडा कोणत्या वेगाचा आणि कोणत्या दर्जाचा आहे हे लिहिलेले असते. त्यामुळेच गाण्याच्या मधूनच वाजवायला सुरुवात करता येते, आणि फाइलचा काही भाग खराब झाला तरी तेवढ्यापुरता कर्कश आवाज होऊन गाणे पुढे चालू राहते.

प्ले बटण दाबल्यावर प्लेअरमधली चिप मेमरीतून हे तुकडे एकामागून एक उचलते, पट्ट्यांमध्ये वाटलेला आवाज पुन्हा जोडून मोजमापांची मूळसारखी रांग तयार करते आणि ती अंक-ते-लहर रूपांतर करणाऱ्या भागाकडे पाठवते. तिथे आकड्यांचे विजेच्या चढउतारात रूपांतर होते, लहानसा ॲम्प्लिफायर त्या चढउताराला बळ देतो आणि इअरफोनचा पडदा थरथरू लागतो. आवाज आक्रसताना प्रोग्रामला पुष्कळ विचार करावा लागतो, उलगडताना मात्र फारसा करावा लागत नाही. एका पेन्सिल सेलवर काही तास गाणी वाजू शकतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

गाणी भरताना

आपल्याजवळच्या ऑडिओ सीडींवरून किंवा स्वतः मुद्रित केलेल्या आवाजावरून फाइली करणार असाल, तर लेम हा मोफत प्रोग्राम आजही उत्तम आहे. एमपी-थ्रीचे परवाने देण्याची व्यवस्था २०१७ मध्ये संपली, त्यामुळे तो वापरण्यात आता परवान्याची काही अडचण उरलेली नाही. दर्जा निवडताना १२८ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट, हे मूळ माप धरावे: या दर्जाला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, २५६ एमबीच्या प्लेअरमध्ये चार तासांहून अधिक आणि १ जीबीच्या प्लेअरमध्ये सुमारे १७ तासांचे संगीत बसते.

हे माप सगळ्या संगीताला सारखे लागू करू नये, असे माझे ठाम मत आहे. कीर्तन, प्रवचन, भाषण यांसाठी ६४ केबीपीएस आणि एकच चॅनेल पुरतो, कारण तिथे शब्द कळणे महत्त्वाचे असते. भजनाची गोष्ट नेमकी उलट आहे. टाळ, झांज आणि चिपळ्या यांचा आवाज एकदम उमटतो आणि तो उंच पट्टीत दूरवर पसरतो. कमी बिटांत तो बसवताना ठोक्याच्या किंचित आधीच एक सळसळ ऐकू येऊ लागते आणि टाळांची धार बोथट होते. ही सळसळ कमी करण्यासाठी प्रोग्राम अशा जागी तुकड्याचे आणखी छोटे भाग पाडतो, पण बिटच कमी असतील तर त्याचाही इलाज चालत नाही. म्हणून दिंडीतले भजन १९२ केबीपीएसला ठेवावे आणि त्यासाठी दोन-चार गाणी कमी घ्यावी लागली तरी घ्यावीत.

तालुक्याच्या बस स्थानकाजवळ मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकाने अजून काही ठिकाणी आहेत. अशा ठिकाणच्या फाइली बऱ्याचदा एकदा आक्रसलेल्या आवाजावरून पुन्हा आक्रसून केलेल्या असतात. टाकून दिलेले तपशील परत येत नाहीत आणि दुसऱ्या खेपेला आणखी तपशील जातात. केबीपीएसचा आकडा नंतर वाढवून तो तोटा भरून निघत नाही. मूळ सीडी हाताशी असेल तर तिच्यावरूनच नव्याने फाइल करणे केव्हाही चांगले.

नावे आणि क्रम

‘मी गाणी क्रमाने भरली, पण ती भलत्याच क्रमाने वाजतात’ ही तक्रार नवख्यांकडून हमखास ऐकू येते. याचे कारण असे, की बरेच जुने प्लेअर नावांची वर्णक्रमाने मांडणी करतच नाहीत. मेमरीच्या यादीत ज्या क्रमाने फाइलींची नोंद झाली त्याच क्रमाने ते वाजवतात. संगणकावर सगळ्या फाइली एकदम निवडून ओढल्या तर नोंदीचा क्रम आपल्या हातात राहत नाही. उपाय साधा आहे. नावांच्या आधी ०१, ०२ असे आकडे इंग्रजी अंकांत घालावेत, फोल्डर रिकामे करून घ्यावे आणि फाइली एकेक करून त्याच क्रमाने भराव्यात. कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग वेगवेगळ्या फाइलींत असतील, तर एवढे कष्ट घेण्यासारखे आहेत.

देवनागरी नावांचा प्रश्न वेगळा आहे. एमपी-थ्री फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची एक चिठ्ठी असते आणि तिच्यात गाण्याचे नाव, गायकाचे नाव व संग्रहाचे नाव यांना प्रत्येकी ३० बाइट दिलेले असतात. ही रचना रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती. पुढे फाइलच्या सुरुवातीला बसणारी मोठी चिठ्ठी आली आणि तिच्यात देवनागरी लिहिण्याची सोयही झाली. परंतु प्लेअरच्या पडद्याजवळ देवनागरी अक्षरांचे आकारच साठवलेले नसतील, तर तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्हेच उमटणार. म्हणून प्लेअरसाठीच्या प्रतीत फाइलचे नाव आणि आतली चिठ्ठी दोन्ही रोमन लिपीत ठेवावीत, आणि संगणकावरच्या मूळ प्रतीत मराठी नावे मराठीतच जपावीत. काही प्लेअर फाइलच्या नावाकडे न पाहता चिठ्ठीच दाखवतात, त्यामुळे नाव बदलूनही पडद्यावर जुनेच काही दिसत राहिले तर चिठ्ठी तपासावी.

भरून झाल्यावर ‘सुरक्षितपणे काढा’ हा पर्याय दिल्याशिवाय प्लेअर ओढून काढू नये. संगणक फाइल लिहून झाल्याचे दाखवतो, तरी यादीची शेवटची नोंद अजून लिहायची राहिलेली असू शकते, आणि ती अर्धवट राहिली तर सगळी मेमरीच वाचता येत नाही. वीज जाण्याच्या वेळा ठाऊक असतील तर डेस्कटॉप संगणकावरून हे काम त्या वेळेच्या तोंडावर करू नये.

ऐकताना

बटणांबाबत फार सांगण्यासारखे नाही. प्लेअर बटणांना दादच देत नसेल तर ‘होल्ड’ची सरकपट्टी आधी पाहावी, निम्म्या वेळा कारण तिथेच सापडते. त्यानंतरही तो अडकलेला असेल तर सेल काढून मिनिटभराने परत घालावा, आणि आतली बॅटरी असेल तर रिसेटचे बारीक छिद्र शोधून त्यात टाचणीचे टोक हलकेच दाबावे. एकाच कानात आवाज येत असेल तर प्लेअरच्या इअरफोन लावायच्या भोकात धूळ किंवा कापसाचा तंतू अडकला असण्याची शक्यता असते. लाकडी दातकोरणीने तो अलगद बाहेर काढावा, फुंकर मारू नये, कारण तिच्यातला ओलावा आतल्या पट्ट्यांवर बसतो.

‘ए-बी’ नावाच्या सोयीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि ती तर या यंत्रांची खरी ताकद आहे. गाण्यातल्या एका जागी बटण दाबून सुरुवात ठरवायची, पुढच्या जागी दाबून शेवट ठरवायचा, की तेवढाच भाग पुन्हा पुन्हा वाजत राहतो. अभंगाची चाल बसवणाऱ्यांना आणि हार्मोनियमवर एखादी जागा शोधणाऱ्यांना याच्याइतकी उपयोगी गोष्ट नाही.

एसटीत ऐकताना आवाज वाढवण्याचा मोह आवरावा. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतले संगीत झाकून टाकते, म्हणून आपण आवाज वाढवत जातो आणि गाडी थांबल्यावर तोच आवाज असह्य होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. कानात घट्ट बसणारे रबरी बोंडाचे इअरफोन घेतले तर बाहेरचा आवाज अडतो आणि कमी आवाजातही सगळे नीट ऐकू येते.

एफएम रेडिओ असेल तर इअरफोन लावल्याशिवाय तो चालत नाही, कारण त्याची तारच अँटेनाचे काम करते. तार गुंडाळून न ठेवता मोकळी सोडली की केंद्र स्वच्छ लागते. आकाशवाणीचे परभणी केंद्र आपण वर्षानुवर्षे मध्यम लहरींवर ऐकत आलो. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यात शोध घेणाऱ्या या प्लेअरवर मध्यम लहरींचे कोणतेही केंद्र लागत नाही, हे माहीत असावे.

आवाज मुद्रित करणे

गाणी ऐकण्यासाठी आज दुसरी पुष्कळ साधने आहेत, पण घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज टिपण्यासाठी हा छोटा प्लेअर अजूनही मोलाचा आहे. मोबाइल समोर धरला की आजी सावरून बसते आणि तिचे गाणे थांबते. बोटाएवढे यंत्र घडी घातलेल्या लुगड्यावर ठेवलेले असेल तर ती थोड्याच वेळात ते विसरते. अर्थात, तिला विचारून आणि तिची संमती घेऊनच ते ठेवावे.

जात्यावरच्या ओव्या टिपायच्या असतील तर प्लेअर जमिनीवर ठेवू नये. दगडाची घरघर फरशीतून थेट त्याच्या आवरणात शिरते आणि शब्द तिच्याखाली दबतात. घडी घातलेल्या गोधडीवर, गाणाऱ्या बाईच्या तोंडापासून हातभर अंतरावर, जात्याच्या खुंट्याच्या विरुद्ध बाजूला तो ठेवावा आणि माइकचे बारीक छिद्र तिच्याकडे करावे. पंखा बंद करावा, कारण त्याचा वारा छिद्रावरून गेला की फडफड मुद्रित होते. आधी मिनिटभर मुद्रण करून ऐकून पाहावे आणि मगच खरे सुरू करावे. दोन ओव्यांच्या मध्ये ती ‘ही माझ्या आईची हाय बघ’ असे काही म्हणाली तर प्लेअर थांबवू नये. ती ओवी कोणाकडून आली हे त्याच वाक्यातून पुढे कळणार आहे.

या प्लेअरांचे मुद्रण बहुधा सेकंदाला ८,००० मोजमापांचे असते. मोजमापांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतचेच कंप पकडता येतात, म्हणजे ४,००० हर्ट्‌झच्या वरचे सगळे सुटते. बांगड्यांची किणकिण त्यात फिकी येते, पण शब्द आणि चाल स्पष्ट राहतात. प्रत्येक मोजमापाला ४ बिट धरले तर तासाला सुमारे १४ एमबी लागतात, त्यामुळे १२८ एमबीच्या रिकाम्या प्लेअरमध्येही पूर्ण दुपार मावते. मेनूमध्ये मुद्रणाचा दर्जा निवडण्याची सोय असेल तर सर्वांत वरचा दर्जा घ्यावा आणि त्या दिवशी गाणी पुसून जागा करावी. सेल नवा घालावा. मुद्रण चालू असताना सेल संपला तर फाइल बंद होण्याचे राहते आणि काही प्लेअरांत ती संपूर्ण फाइलच दिसेनाशी होते. याच कारणासाठी एक सलग मोठी फाइल करण्यापेक्षा दर वीस-पंचवीस मिनिटांनी, दळण ओतायला ती थांबेल तेव्हा, मुद्रण थांबवून पुन्हा सुरू करावे.

घरी आल्यावर त्याच दिवशी फाइली संगणकावर घ्याव्यात. प्लेअरने दिलेली नावे नुसती आकड्यांची असतात आणि त्याचे घड्याळ लावलेले नसेल तर तारीखही चुकीची पडते. म्हणून गाणाऱ्या बाईचे नाव, तिचे माहेर, सासर आणि मुद्रणाची तारीख फाइलच्या नावात स्वतः लिहावी. माहेरचे गाव नक्की लिहावे, कारण ओव्या बहुधा तिथून आलेल्या असतात. मूळ फाइल आहे त्याच स्वरूपात ठेवून एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरच्या संगणकावर ठेवावी, वाटण्यासाठी हवी असेल तर वेगळी एमपी-थ्री करावी, आणि दोन्ही प्रती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून पाहिल्यावरच प्लेअरमधली फाइल पुसावी. त्यानंतर प्लेअर पुढचे काही महिने लागणार नसेल, तर त्यातला सेल काढून ठेवावा.